मीठ, माडी आणि मोळी: इतिहास शिकवणाऱ्या सर-मॅडमना खुलं पत्र

ठाणे आणि नवी मुंबईतल्या शाळांमध्ये इतिहास शिकवणाऱ्या सगळ्या सर आणि मॅडमना नमस्कार,

मी कोपरखैरणेला राहतो, मूळ घर उरणकडचं, आम्ही आगरी. मुलगी आठवीत आहे. गेल्या ऑगस्टमध्ये तिला स्वातंत्र्यलढ्यावर प्रोजेक्ट होता, रात्री अकरापर्यंत बसून तिने चार्ट पेपरवर गांधीजी, टिळक, भगतसिंग, नेताजी सगळ्यांचे फोटो चिकटवले, खाली छान अक्षरात माहिती लिहिली. मी म्हटलं, अगं चिरनेरच्या जंगल सत्याग्रहाचं पण घाल ना. ती म्हणाली, पप्पा चिरनेर कुठे आलं? आणि मला खरंच पोटात तुटल्यासारखं झालं, कारण चिरनेरवरून आम्ही गावाला जाताना कितीतरी वेळा गेलोय, अटल सेतू जिथे उतरतो ते चिर्ले, तिथून पुढे थोडंसंच. दुसऱ्या दिवशी शाळेत भेटून विचारलं की यात आपल्या भागातलं काही घेता येईल का, तर उत्तर मिळालं की पोर्शन संपत नाही, वेळच नाही. मला त्या मॅडमचा राग आला नाही. एका वर्गात साठ पोरं, वर इलेक्शनची कामं, सर्व्हे, ते सगळं दिसतं आम्हाला. पण ती गोष्ट मनातून जात नाही म्हणून हे पत्र सगळ्यांनाच लिहितोय.

माझं म्हणणं एवढंच आहे की आपल्या या पट्ट्यात इंग्रजांचं राज्य लोकांना भाषणातून किंवा पेपरातून कळलं नाही, ते घराच्या अंगणात कळलं. मिठात कळलं, माडीत कळलं, जंगलातल्या लाकडाच्या मोळीत कळलं. आणि ते अंगणात घेऊन येणारी माणसं बऱ्याचदा आपलीच होती. हे पोरांना कुणीतरी सांगितलं पाहिजे, आणि ते तुम्हीच सांगू शकता.

मिठापासूनच सुरुवात करतो कारण ते आमच्या घरातलं आहे. माझा आजा मिठागरात कामाला होता. भरतीचं पाणी आत घ्यायचं, बांधाआड कोंडायचं, एका वाफ्यातून दुसऱ्यात सोडायचं, उन्हाने ते आटत आटत जाऊन शेवटी पांढरं धरायला लागलं की ओढून रास करायची, दिवाळीनंतर बांधबंदिस्तीला सुरुवात आणि पाऊस आला की सगळं बंद. पायांना कायम भेगा. आता या कामात माणसाचं काय लागतं तर अंग आणि ऊन, पाणी समुद्राचं. पण १८३७ साली कंपनी सरकारने आपल्या मुंबई इलाख्यात मिठावर मणाला आठ आणे कर बसवला, १८४४ ला तो एक रुपया केला (त्यावरून सुरतेला मोठा दंगा झाला होता), आणि वाढवत वाढवत १८८८ पर्यंत तो अडीच रुपये मण झाला. मण म्हणजे साधारण ३७ किलो, म्हणजे किलोमागे जवळजवळ एक आणा निव्वळ कर. मीठ बनवायचा खर्च या कराच्या पुढे काहीच नव्हता. १९०३ नंतर तो कमी होत १९०७ ला एक रुपयावर आला, मग पुन्हा वर गेला, आणि पूर्ण गेला तो १९४७ लाच.

आकडे वाचून पोरांना काही वाटणार नाही हे मलाही कळतं. पण त्यांना असं सांगा की खाडीच्या कडेला उन्हाळ्यात आपोआप मिठाचा थर धरतो ना, तो खरवडून घरी नेला तरी तो गुन्हा होता. मिठागरावर शिपाई, रास झाली की तिची मोजदाद, कर भरल्याशिवाय पाटीभर मीठ हलवायचं नाही. मासळी सुकवायला, खारवायला कोळ्याला मीठ हवं, लोणच्याला हवं, गुरांना हवं, श्रीमंत आणि गरीब दोघांना सारखंच लागतं, म्हणजे ज्याची कमाई कमी त्याच्यावर ओझं जास्त. आजी सांगायची, तिच्याच शब्दात लिहितो, "आपलाच मीठ, नं आपल्यालाच चोर म्हनत." हे एक वाक्य फळ्यावर लिहिलं तरी दांडीयात्रा का झाली ते पोरांना वेगळं सांगायला लागणार नाही. ६ एप्रिल १९३० ला गांधीजींनी दांडीला मीठ उचललं आणि मे-जूनमध्ये वडाळ्याच्या मिठागरांवर हजारो लोक तुटून पडले. वडाळा म्हणजे हार्बर लाइनवरचं वडाळा, पोरं रोज ज्या लाइनने जातात तेच.

मग माडी. हा विषय वर्गात काढायचा म्हणजे थोडं अवघड वाटेल तुम्हाला, दारूचा विषय आहे, पालक काय म्हणतील वगैरे. पण यात व्यापार कसा चालायचा ते सगळ्यात स्वच्छ दिसतं म्हणून लिहितो. आपल्याकडे ताड, माड, शिंदी उतरवणारे भंडारी, आगरी, जंगलपट्ट्यात मोहाची काढणारे वारली, कातकरी, हे घरगुती काम होतं, लग्नाला, देवाला, पावसात शेतात काम करून आल्यावर. १८७८ साली आबकारी कायदा आला. झाडाला नंबर पडले, प्रत्येक झाडाचा वेगळा कर, लायसन्स नसेल तर झाड उतरवायचं नाही. तो झाडाचा कर असा वाढवत नेला की माडी-ताडी महाग पडावी आणि लोकांनी मक्तेदाराच्या दुकानातली दारू घ्यावी. आणि ती दारू कुठे बनायची माहितीये का, आपल्या उरणला, मोऱ्याला! मोरा बंदरावर मोहाच्या दारूच्या मोठ्या भट्ट्या होत्या, तिथून मुंबई आणि आसपासच्या जिल्ह्यांना माल जायचा. पुढे १८९२ ला तर मोहाच्या फुलांसाठी स्वतंत्र कायदा केला, खास ठाणे आणि कुलाबा (म्हणजे आताचा रायगड) जिल्ह्यांसाठी. झाडाखाली पडलेलं फूल गोळा करून घरात ठेवायला सरकारची परवानगी. कातकरी आणि वारल्यांच्या घरात ते फूल भुकेच्या दिवसात खायलाही लागायचं, ते कुणी बघितलं नाही. सरकारने आमच्या लोकांना दारू पाजली की दारू बंद केली असा सरळ प्रश्न पोरं विचारतील, तर दोन्ही नाही, सरकारने घरची बंद केली आणि दुकानची चालू केली. दारूचं समर्थन मी करत नाहीये, आमच्या गावात तिने किती घरं धुतली ते मी डोळ्यांनी बघितलंय. पण ती दुकानावर कशी गेली ते माहीत असावं.

आणि जंगल. आमच्या भातशेतीत राब भाजायची पद्धत तुमच्यातल्या ज्यांचं गाव कोकणात आहे त्यांना माहीत असेलच. कवळं तोडायची, म्हणजे झाडांच्या फांद्या-पाला, त्यावर शेण, गवत, माती असं थर लावून मिरगाच्या आधी भाजायचं आणि त्या जागेवर भाताचं रोप टाकायचं. १८७८ च्या जंगल कायद्यानंतर डोंगर सरकारी झाले, कवळं तोडायला बंदी, गुरं चारायला पास, मोळी आणली तर दंड. ठाणे-कुलाब्यात यावरून एवढी ओरड झाली की सरकारला १८८५ ला त्यासाठी कमिशन नेमावं लागलं, त्याचा रिपोर्ट १८८७ ला आला. म्हणजे गांधीजी यायच्या तीस वर्षं आधी आपल्या जिल्ह्यातले लोक जंगलासाठी सरकारशी भांडत होते.

आता चिरनेर. पावसाळ्यात मीठ बनवता येत नाही, त्यामुळे १९३० च्या पावसाळ्यात सत्याग्रह समुद्रावरून डोंगरावर गेला, आणि जंगलाचं दुखणं आमच्याकडे पन्नास वर्षं जुनं होतंच. २५ सप्टेंबर १९३० ला आजूबाजूच्या गावांतले लोक कोयते-कुऱ्हाडी घेऊन अक्कादेवीच्या डोंगरावर गेले, झाडं तोडायची, कायदा मोडायचा, एवढंच ठरलं होतं. पोलिसांनी गोळीबार केला. आठ जण हुतात्मा झाले. मला पोरांना एकच गोष्ट करायला लावावीशी वाटते, त्या आठ नावांतली आडनावं वाचायला. नाग्या कातकरी. रामा कोळी. मोरेश्वर न्हावी. आलू म्हात्रे. पाटील. एका डोंगरावर कातकरी, कोळी, न्हावी, आगरी सगळे. आज ज्या सोसायटीत आपण राहतो तिथे इतक्या वेगवेगळ्या जातीची आठ घरं एका कामासाठी एकत्र यायला किती मिटिंगा लागतील ते बघा.

आणि हेही सांगा की त्याच दिवशी तिथे मामलेदार जोशी पण मारले गेले. ते सरकारी बाजूने आलेले, पण इथलेच, मराठी माणूस. बंदुका धरणारे शिपाईही इथलेच. हे सांगताना आपण अडखळतो, मलाही माहीत आहे. पण हे वगळलं तर पोरांना वाटत राहतं की एका बाजूला सगळे गोरे आणि एका बाजूला सगळे आपण. तसं नव्हतं. जंगलाचा पास तपासणारा, मिठाची रास मोजणारा, माडीच्या झाडाला नंबर मारणारा माणूस गावातला किंवा शेजारच्या गावातलाच असायचा, पगार घ्यायचा, त्यालाही पोरंबाळं होती. या माणसाबद्दल पोरांशी बोलायला मला स्वतःला अजून नीट जमत नाही, कदाचित तुम्हाला जमेल, तुमचा तो अभ्यास आहे.

ठाण्याच्या शाळांना तर काही लांब जायलाच नको. सेंट्रल जेलची भिंत. रोज बसमधून दिसते. तो जेल म्हणजे आधीचा ठाण्याचा किल्ला, पोर्तुगीजांनी बांधायला घेतलेला, १७३७ ला मराठ्यांनी साष्टीबरोबर (म्हणजे ठाण्यापासून वांद्र्यापर्यंतचं बेट) घेतला. २८ डिसेंबर १७७४ ला इंग्रजांनी तो हल्ला करून घेतला. का घेतला, हे विचारा पोरांना. मुंबई बेट छोटं, पिकणार किती, धान्य साष्टीतून यायचं, बंदराच्या पाठीमागची सगळी खाडी मराठ्यांच्या हातात, आणि वर बातमी आलेली की पोर्तुगीज आरमार साष्टी परत घ्यायला येतंय. इकडे पुण्यात नारायणराव पेशव्यांचा खून होऊन वर्ष झालेलं आणि रघुनाथराव मदतीसाठी इंग्रजांच्या दारात. बरोबर त्याच वेळेला इंग्रजांनी हात मारला. पहिलं इंग्रज-मराठा युद्ध इथून पेटलं, मध्ये वडगावला इंग्रजांची नाचक्की झाली तरी १७८२ च्या सालबाईच्या तहात साष्टी त्यांच्याकडेच राहिली. व्यापारी कंपनी जमीन कशी गिळते ते शिकवायला प्लासीपर्यंत कशाला जायचं, ते कोर्टनाक्याजवळ उभं राहून दाखवता येतं.

त्याच किल्ल्यातून १८१६ च्या सप्टेंबरमध्ये त्रिंबकजी डेंगळे पळाले, दुसऱ्या बाजीराव पेशव्यांचे खास माणूस, इंग्रजांनी तिथे कैदेत ठेवलेले. पहारा मुद्दाम गोऱ्या सोल्जरांचा ठेवलेला, देशी शिपाई फितूर होतील म्हणून. तर सांगतात की बाहेर घोड्याचं काम करणारा एक सईस मराठीत गाणं म्हणत बसायचा, त्या गाण्यातच पळून जायचा बेत सांगितलेला, आणि पहाऱ्यावरच्या गोऱ्यांना मराठीचा एक शब्द कळत नव्हता. ही गोष्ट सांगितल्यावर वर्गात झोपलेलं पोरगं पण उठून बसेल की नाही सांगा!

आणि त्याच भिंतीआड २ मे १८४८ ला राघोजी भांगरेला फाशी दिली. अकोले तालुक्यातला महादेव कोळी, ज्याने सावकारांविरुद्ध आणि इंग्रजांविरुद्ध बंड केलं, पंढरपुरात पकडला गेला. नाशिकच्या कलेक्टर जॅक्सनच्या खुनासाठी कान्हेरे, कर्वे, देशपांडे यांना १९ एप्रिल १९१० ला तिथेच फाशी झाली, त्यांची नावं बऱ्याच जणांना माहीत असतात, राघोजीचं नाव त्या मानाने कमी घेतलं जातं. का कमी घेतलं जातं? मला वाटतं कारण राघोजी सावकारांच्या मागे लागला होता, त्यांची नाकं कापायचा, आणि सावकार आपलेच. इंग्रजांनी रोख रकमेत सारा मागायला सुरुवात केली, पीक येवो न येवो, मग शेतकरी सावकाराकडे, सावकार कागद घेऊन कोर्टात, आणि कोर्टाचा शिपाई जमिनीवर. १८७५ ला पुणे-नगरकडे लोकांनी सावकारांचे कागद जाळले ते याच गोष्टीवरून. नाकं कापणं चांगलं होतं असं मी म्हणत नाही. पण माणूस तिथपर्यंत कसा येतो हा प्रश्न आठवीच्या पोराला विचारायला हरकत काय आहे.

रेल्वेचं सगळ्यांना माहीत असतं, १६ एप्रिल १८५३, बोरीबंदर ते ठाणे, चौदा डबे, चारशे पाहुणे, तीन इंजिनं. त्यात एवढंच जोडा की ती पाहुण्यांसाठी टाकलेली नव्हती, घाटावरचा कापूस बंदरात आणायला टाकलेली होती. भोर घाटातला गाडीरस्ता १८३० ला झाला तेव्हा देशावरचा माल बैलगाडीने पनवेलला आणि तिथून होडीने मुंबईला जायचा, पनवेल गजबजलेलं बंदर होतं. १८६३ ला रेल्वे घाट चढली आणि पनवेलचा तो धंदा बसला. तिकडे अमेरिकेत यादवी चालू, तिकडचा कापूस बंद, म्हणून मुंबईत कापसाला सोन्याचा भाव आणि १८६५ ला युद्ध संपल्यावर सगळं धाडकन खाली. पनवेलच्या गाडीवानाच्या आणि होडीवाल्याच्या घरात तेव्हा काय झालं असेल हे पोरांना लिहायला द्या, निबंध म्हणून.

चरीच्या संपाबद्दल थोडक्यात लिहितो कारण ते अलिबागचं, पण आमच्या समाजाचं आहे. १९३३ ते १९३९, सहा वर्षं शेतकऱ्यांनी खोताची, म्हणजे गावाचा सारा वसूल करणाऱ्या जमीनदाराची, जमीन कसायला नकार दिला, नारायण नागू पाटील पुढारी, डॉ. आंबेडकर पाठीशी उभे राहिले, १९३७ ला त्यांनी खोती रद्द करायचं बिल मांडलं. सहा वर्षं आपण कसत आलेल्या शेतात पीक घ्यायचं नाही, विचार करा.

वारल्यांचं मात्र जरा सविस्तर, कारण तलासरी-डहाणू तेव्हा ठाणे जिल्ह्यातच होतं. महायुद्ध शेवटाला आलेलं, मुंबईत महागाई, तबेल्यांना गवत हवं, आणि ते गवत डहाणूच्या जंगलातून यायचं, वारली कापायचे, जमीनदार विकायचे. लग्नासाठी कर्ज काढलं की नवरा-बायको दोघं सावकाराकडे बांधलेले, त्याला लगीनगडी म्हणत. २३ मे १९४५ ला झरी गावात वारल्यांची परिषद झाली, किसान सभेचे गोदावरी आणि शामराव परुळेकर बरोबर, वेठ, म्हणजे सक्तीची फुकट मजुरी, करणार नाही असं ठरलं. आणि मागणी काय होती, तर ५०० रतल (म्हणजे साधारण सव्वादोनशे किलो) गवत कापायला अडीच रुपये. ऑक्टोबरमध्ये तलवाड्याला गोळीबार झाला, पाच जण मेले, त्यात जेठ्या गांगड. सर, मॅडम, म्हशींचं गवत स्वस्त राहावं म्हणून माणसं मेली, स्वातंत्र्याच्या फक्त दोन वर्षं आधी, आपल्या जिल्ह्यात.

आणि त्यानंतर चारच महिन्यांनी, १८ फेब्रुवारी १९४६ ला, मुंबईत नौदलाच्या खलाशांनी बंड केलं, सुरुवात निकृष्ट जेवणावरून. ठाण्यातल्या 'अकबर' तळावरचे खलाशीही त्यात उतरले. घोडबंदर रोडवरच्या टॉवरमधल्या किती पोरांना हे ठाऊक असेल?

मी काही मोठं मागत नाहीये. वर्षातला एक तास, फक्त एक, आपल्या भागासाठी ठेवा. मूळ गावठाणातल्या पोरांना घरी पाठवा आणि आज्या-आजोबांना विचारून यायला सांगा की मिठागरात कोण कामाला होतं, कोणत्या आगरात, पाय कसे व्हायचे, कुळं कोणाची होती, खोत कोण. आमच्या आधीची पिढी सत्तर-पंचाहत्तरच्या पुढे गेली, दर वर्षी दोन-चार जण कमी होतायत. माझी आजी गेली तेव्हा मी तिचं एक वाक्यही रेकॉर्ड केलेलं नव्हतं, जे आहे ते एवढंच, वर लिहिलं ते. आणि बाहेरून आलेल्या घरातल्या पोरांना असं वाटू देऊ नका की हा त्यांचा इतिहास नाही, सोलापूर, सातारा, विदर्भ, कुठूनही आलेले असोत, त्यांच्या गावाकडेही सारा होता, सावकार होता, जंगल होतं, त्यांच्या आजोबांना फोन करून विचारता येईल.

चिरनेरला दर वर्षी २५ सप्टेंबरला हुतात्म्यांना मानवंदना देतात. यंदा कोणत्याही शाळेने बस काढली तर मी सोबत यायला तयार आहे, सुट्टी टाकेन. पावसाचे दिवस असतात त्यामुळे पोरांना चांगल्या चपला घालायला सांगा, डोंगराकडे चिखल असतो. येताना उरणच्या बाजूने आलो तर उरलेली मिठागरंही दाखवता येतील, पाणी भरलेलं असेल तेव्हा, मीठ दिसणार नाही, पण बांध दिसतात.

आपला,
कोपरखैरण्यातला एक पालक